टीव्हीतला डॉक्टर

औषधांच्या एका कंपनीत नाना नावाचे प्रतिनिधी होते. आम्हा सगळ्यांत वयाने मोठे. हातात चामड्याची जुनी बॅग, पायात पावसाळी चपला आणि बोलणं इतकं हळू, की ऐकणाऱ्याला थोडं पुढे वाकावं लागे. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. कामाची रीत मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आमचा दिवस सकाळी स्टॉकिस्टकडे सुरू होई आणि रात्री शेवटच्या दवाखान्यात संपे. पेशंट आटपेपर्यंत बाकावर बसायचं. आत बोलावलं की दोन-तीन मिनिटांत औषधाची माहिती सांगायची, सॅम्पल ठेवायचं. बाहेर येऊन केमिस्टकडे माल आहे का ते बघायचं. रात्री लॉजवर डेली रिपोर्ट लिहायचा. एवढं सगळं करून महिनाअखेरीला दोनच आकडे विचारले जात : टार्गेट किती होतं आणि झालं किती.

नानांकडे घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर हा भाग होता. पाऊस उदंड, डॉक्टर मोजके, पाडे दूरदूर. कंपनीच्या यादीत सगळ्यात वर एक महागडं टॉनिक होतं, मग अँटिबायोटिक होतं, आणि तळाला जुलाबावरची पावडर होती. क्षार आणि ग्लुकोज यांची पुडी, लिटरभर पाण्यात कालवून प्यायची. तिला डॉक्टर ओआरएस म्हणत. पुडी स्वस्त होती. कितीही खपली तरी आकडा काही फुगत नसे, म्हणून बाकीचे प्रतिनिधी ती शेवटी सांगत किंवा सांगतच नसत. नाना ती सगळ्यात आधी सांगत. सॅम्पलच्या पुड्या ते वाटेतल्या अंगणवाडीच्या बाईंनाही देत. अंगणवाडी काही आमच्या कॉल-लिस्टमध्ये नव्हती.

1988 च्या जुलैत नाशिकच्या एका हॉटेलात कंपनीची सेल्स मीटिंग भरली. शेवटचा दिवस रविवारचा होता. साडेनऊ वाजता मॅनेजरसाहेबांनी स्वतःच प्रोजेक्टर बंद करायला लावला, कारण दूरदर्शनवर रामायण लागायची वेळ झाली होती. आम्ही सगळे खाली हॉलमध्ये गेलो. वेटर, आचारी, झाडूवाली, मालकांच्या घरची माणसं, सगळी तिथे जमली होती. टीव्हीला हार घातला होता. उदबत्ती लावली होती. आज कुणाला खोटं वाटेल, पण त्या वर्षी ते घरोघरी होत होतं. चॅनेल एकच होतं आणि पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला लोक मनापासून मानत. रामाचं काम करणाऱ्या नटाच्या पाया पडत. पुढे 1991 च्या निवडणुकीत त्याच मालिकेतली सीता आणि रावण गुजरातमधून लोकसभेवर निवडून आले, इतका तो विश्वास मोठा होता.

रामायण संपलं आणि आमचे आकडे सुरू झाले. एकेकाने उभं राहायचं, पडद्यावर त्याचा आलेख दिसायचा. नानांचा आलेख आला. टॉनिकची रेघ खाली, अँटिबायोटिकची रेघ खाली, पावडरीची रेघ मात्र सगळ्या जिल्ह्यात वर.

"नाना, पावडरीवर कंपनी चालत नाही," साहेब म्हणाले. "आणि सॅम्पल डॉक्टरांसाठी असतात, अंगणवाडीसाठी नाही."

"हो साहेब," नाना म्हणाले आणि खाली बसले. साहेब वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यावर वरून आलेलं टार्गेट होतं.

संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. त्यासाठी मुंबईहून एक नट आले होते. मराठी रंगभूमीवर त्यांनी बरीच वर्षं काढली होती, पण घराघरात पोचले ते दूरदर्शनच्या एका साप्ताहिक मालिकेमुळे. त्यात ते खेड्यात येऊन राहिलेल्या डॉक्टरचं काम करत. औषधांच्या कंपनीला पाहुणा म्हणून आणखी कोण हवं होतं?

ते आत आले आणि सगळा हॉल उभा राहिला. लोक त्यांना नावाने हाक मारत नव्हते, डॉक्टरसाहेब म्हणत होते. लिहून दिलेलं भाषण त्यांनी वाचलं. टॉनिक सर्वाधिक विकणाऱ्याला ढाल दिली. मग सह्यांसाठी रांग लागली. रांगेच्या शेवटी हॉटेलमालकांची आई होती. तिला सही नको होती. तिने पदर सावरून गुडघा पुढे केला आणि जिना चढताना कसा दुखतो ते सांगू लागली. नट गोंधळले. हात जोडून, "आजी, चांगल्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाले. म्हातारी म्हणाली, "तेच तर करत्येय." सगळे हसले. ते हसले नाहीत, हे मी जवळून पाहिलं.

त्यांना रात्रीच मुंबईला परतायचं होतं. बाहेर मुसळधार पाऊस होता. कसाऱ्याच्या घाटाचा भरवसा नव्हता. तो रस्ता नानांच्या रोजच्या पायाखालचा, म्हणून साहेबांनी त्यांना गाडीसोबत जायला सांगितलं. मला कल्याणला उतरायचं होतं, मीही बसलो. नाना ड्रायव्हरशेजारी, मागे आम्ही दोघं.

घोटी मागे पडेपर्यंत कुणी बोललं नाही. मग नट म्हणाले, "लोक माझ्यापुढे नाडी धरतात, नाना. नाही म्हटलं तर त्यांना वाटतं, मी टाळतोय. हो तर म्हणता येत नाही. काय करावं?"

नानांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी तसं सांगितलं. थोड्या वेळाने नटांनी विचारलं, "एवढी घट्ट धरलीय ती बॅग, काय आहे तिच्यात?"

तेव्हा नाना बोलू लागले. पुडी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. जुलाब-उलट्यांनी मूल जातं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते नीट घेत नाही. पाण्यात मिठाबरोबर ठरल्या मापात साखर असली, तर दोन्ही मिळून आतड्यातून रक्तात जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानासुद्धा जातं. सलाईनची बाटली नसली, सुई नसली, तरी घरातली बाई हे देऊ शकते.

मग त्यांनी बनगावची गोष्ट सांगितली. नाशिकच्या एका बालरोगतज्ज्ञांकडून त्यांनी ती ऐकली होती. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. बंगालच्या सीमेवर बनगावला छावणी पडली आणि छावणीत पटकी पसरली. रुग्ण जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. तिथे दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पेला भरा आणि पाजत राहा. आधी शंभरात तीसजण दगावत होते. ते प्रमाण चारच्या खाली आलं.

"हे मला कसं माहीत नाही?" नट म्हणाले.

"कुणालाच फारसं माहीत नाही," नाना म्हणाले. "डॉक्टरांना माहीत असतं. पण पाड्यावर सांगणार कोण?"

इगतपुरी ओलांडली आणि गाडी थांबली. घाटात ट्रक आडवा झाला होता. पुढे ट्रक, मागे ट्रक, एसटी, सगळं अडकलेलं. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं चहाचं दुकान होतं. आम्ही तिथे जाऊन बसलो.

थोड्या वेळात तिथे दोन बाया आल्या, एक तरुण, एक म्हातारी. डोक्यावर इरलं, तरुण बाईच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचं पोर. खालच्या पाड्यावरून चालत आल्या होत्या. दवाखान्यात जायला गाडी मिळेल म्हणून रस्त्याला लागल्या, तर सगळ्या गाड्या उभ्या. पोराला आदल्या रात्रीपासून जुलाब आणि उलट्या होत होत्या.

नाना उठले. पोराच्या पोटावरची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. डोळे खोल गेलेले. पोर रडण्यासाठी तोंड उघडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"याला पाणी केव्हा पाजलं?"

"सकाळपासून थेंब नाही दिला," आई म्हणाली. "पाजलं का भडाभडा ओकतो. दूध पण तोडलं."

"ताई, तिथेच चुकतंय. पाणीच द्यायला हवं. दवाखान्यात न्यायचंच आहे, पण रस्ता सुटेपर्यंत वाट बघायची नाही. इथेच सुरू करू." नानांनी बॅग उघडली.

आईने पोर छातीशी घट्ट धरलं. हा कोण, कुठला? रात्रीच्या वेळी रस्त्यावर भेटलेला माणूस, बॅगेतून पुडी काढतो आणि जे पोटात ठरत नाही तेच पाज म्हणतो. तिचं काही चूक नव्हतं.

तेवढ्यात म्हातारीची नजर कंदिलाजवळ बसलेल्या नटांवर गेली. पंचायतीच्या टीव्हीवर तिने त्यांना पाहिलं होतं. ती पुढे आली आणि तिने हात जोडले. "दाक्तर, तुम्हीच बघा. तुम्ही सांगाल ते करू."

दुकानातले सगळे वळून पाहू लागले. नट उठले. त्या क्षणी, हो, मी बघतो, एवढं म्हटलं असतं तर कुणी त्यांना खोटं पाडलं नसतं. नाही म्हणून बाजूला होणंही सोपं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते म्हातारीसमोर उकिडवे बसले.

"आजी, तुमच्या गावात बोहाडा होतो का?"

"होतो की."

"त्यात कुणी रामाचं सोंग घेतो, कुणी रावणाचं. तसं मी दाक्तराचं सोंग घेतो. मला औषधातलं काही कळत नाही."

म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, "सोंग घेतलं तरी त्या रातीला त्याला मान द्यावाच लागतो."

"द्या ना," नट म्हणाले. "मला जो मान देताय, तो या नानांना द्या. ज्यातलं मला काही कळत नाही, ते यांना कळतं. हे सांगतील तसं मी माझ्या हाताने पाजतो."

म्हातारीने नानांकडे पाहिलं, नटांकडे पाहिलं, आणि सुनेला म्हणाली, "दे."

दुकानदाराने दुधाचं लिटरचं माप काढलं. उकळलेलं पाणी परातीत ओतून थंड केलं. नानांनी पुडी त्यात रिकामी केली, ढवळली, आधी स्वतः चव घेतली. नट जमिनीवर मांडी घालून बसले. पोर आईच्या मांडीवर, चमचा नटांच्या हातात. नाना सांगत होते, "एक चमचा. थांबा. आता दुसरा. घाई नको." पोराने उलटी केली. आईचा चेहरा उतरला. नाना म्हणाले, "दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी सावकाश." त्यांनी पुन्हा सुरू केलं. बाहेर पाऊस पडत होता. ट्रकवाले येऊन बघून जात होते. नटांचा महागडा झब्बा चिखलाने आणि उलटीने भरला होता. त्यांनी तो एकदाही झटकला नाही. मध्येच नानांनी आईला दूधही पाजायला लावलं.

कितीतरी वेळाने पोर मोठ्याने रडलं आणि या वेळी गालावर पाणी ओघळलं. पाठोपाठ आईचं लुगडं ओलं झालं. "मुतला," म्हातारी ओरडली आणि दुकानातली सगळी माणसं हसली. ढाल देताना हॉटेलात टाळ्या झाल्या होत्या, त्याहून हा आवाज मोठा होता.

पहाटेच्या सुमारास मागची वाहनं हलली. नानांनी गाडी इगतपुरीकडे वळवायला लावली. ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पोराला तपासलं, भरती करून घेतलं. काय पाजलं ते विचारलं आणि म्हणाले, "हेच चालू ठेवा."

व्हरांड्यात नटांनी नानांना विचारलं, "आज तुमची बॅग होती. जिथे पुडी नाही, तिथे काय करायचं?"

"लिटरभर उकळून गार केलेलं पाणी. चहाचे सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट हवेत, शीग लावायची नाही. मीठ जास्त पडलं तर ते पोराला बाधतं."

नटांनी खिशातून भाषणाचा कागद काढला आणि त्याच्या मागे ते लिहून घेतलं.

मला राहवलं नाही. मी नानांना बाजूला घेऊन म्हटलं, "हे घरोघरी कळलं तर आपली पुडी कोण घेणार?"

"मिळेल तो घेईल," ते म्हणाले. "पुडी जास्त चांगली. तिच्यात पोटॅशियम असतं, माप चुकत नाही. पण रात्री दोन वाजता पाड्यावर केमिस्ट कुठून आणायचा?"

काही महिन्यांनी त्या मालिकेचा एक भाग लागला. त्यात डॉक्टर एका घरात जातो, चुलीपुढे बसतो, घरातल्या बाईला साखर-मीठ मोजायला लावतो, आणि चमचा सपाट कसा करायचा ते बोटाने दाखवतो. मी तो घरी बसून पाहिला. आई म्हणाली, "अगदी खरा डॉक्टर वाटतो." नटांनी लेखकाच्या मागे लागून तो प्रसंग घालून घेतला होता, हे मला मागाहून कळलं.

पुढची सेल्स मीटिंग आली. नानांचा आलेख पडद्यावर आला. या वेळी पावडरीची रेघही थोडी खाली होती.

"हे काय, नाना? टीव्हीवर एवढं दाखवलं आणि आपला खप घटला?"

"लोक घरी करतात साहेब, दाखवलं तसं. मी पाड्यांवर विचारून आलो. बायका चमचा सपाट करतात."

"आणि टॉनिक?"

"टॉनिक यंदाही कमीच आहे."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. ढाल दुसऱ्याच कुणाला मिळाली.

'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1978 सालीच या साध्या उपायाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांच्या पंगतीत बसवलं होतं. महालनबीस 2022 च्या ऑक्टोबरात गेले आणि 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पेपरातली ती बातमी वाचून शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, हे कोण होते? मी त्यांना बनगाव सांगितलं आणि चहाच्या दुकानातली रात्रही सांगितली. लोकांचा विश्वास चेहऱ्याकडे धावतो, त्याला इलाज नाही. ज्याला माहीत असतं त्याला चेहरा नसतो, यालाही इलाज नाही. पण त्या रात्री एकाने स्वतःकडे आलेला विश्वास स्वतःजवळ ठेवला नाही आणि दुसऱ्याने स्वतःजवळचं ज्ञान विकायला ठेवलं नाही. दोघांपैकी एकानेही हात आखडता घेतला असता, तर त्या पोराला काही मिळालं नसतं.

त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. एक पोस्टकार्ड मात्र आलं होतं. नानांनी ते मला दाखवलं. नटांनी लिहिलं होतं, "परवा सांगलीकडे नाटकाचा प्रयोग होता. मध्यंतरात एक बाई आत आल्या आणि साखर किती चमचे म्हणून विचारू लागल्या. मी सहा सांगितले, सपाट. बरोबर ना?"

नानांनी उलट टपाली कळवलं, "बरोबर. पण मीठही सांगत जा. अर्धाच चमचा. आणि पाणी मोजून एक लिटर."